फितीला भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाई

(रेडिओवरील भाषण)

नेवाशातून आम्ही बोलतोय. भाकरी थापत असाल तर थापत ऐका, निंदायला गेला असाल तर मोबाइल पदराला बांधून ऐका. गेल्या खेपेला आम्ही विमानाची गोष्ट सांगितली होती. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांची. १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला फोकर फ्रेंडशिप विमान गेलं, त्यात वैमानिक बाई, सहवैमानिक बाई आणि बाकीच्याही सगळ्या बायकाच. सौदामिनीताई त्या विमानाच्या कॅप्टन होत्या. ते भाषण झालं आणि दुसऱ्या दिवशी एका आजींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पोरींनो, ती ईमानाची बाई लई भारी. आता मला एक सांगा, त्या शिनेमाच्या मशीनमागं आपली कुणी बाई व्हती का नाही? पडद्यावर नाचणाऱ्या नका सांगू, त्या मला ठाऊक हायेत."

आजींचा प्रश्न आमच्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिला. आम्ही पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं. उत्तर सापडलं आणि आम्ही थोड्या ओशाळलोच, कारण ही बाई लांबची नव्हती. त्र्यंबकेश्वराच्या फाळक्यांची सून. आपल्याकडच्या कितीतरी बायका गोदावरीचं स्नान करायला तिथं जाऊन आल्या असतील. बाईंचं नाव सरस्वतीबाई फाळके.

दादासाहेब फाळके हे नाव सगळ्यांना माहीत आहे. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात त्यांना. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. सरस्वतीबाईंचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी "त्यांच्या पत्नीने मोलाची साथ दिली" एवढ्या एका ओळीत संपतो. साथ म्हणजे काय हो? हातात पाण्याचा तांब्या देणं म्हणजेही साथच. म्हणून आज आम्ही ती एक ओळ उसवून बघणार आहोत.

सरस्वतीबाईंचं लग्न १९०२ सालचं. दादासाहेबांची पहिली बायको आणि मूल प्लेगमध्ये गेलं होतं. हे दुसरं लग्न, आणि सरस्वतीबाई वयानं बऱ्याच लहान. नवरा मोठा हुन्नरी. चित्रकला शिकलेला, फोटोग्राफी येत असलेला, छापखाना काढलेला. आणि तितकाच एका जागी न टिकणारा. छापखाना चांगला चालला होता, भागीदारांशी पटलं नाही म्हणून तो सोडून घरी आले. घरात मुलं लहान. अशात १९११ साली गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक सिनेमा त्यांनी बघितला. आणि नंतर सरस्वतीबाईंना सोबत घेऊन पुन्हा बघितला. येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसायला लागले. आपल्या देवांची चित्रं अशी का हलू नयेत, हा ध्यास त्या दिवशी लागला.

इथं आम्हाला एक गंमत वाटते, म्हणून सांगतो. त्याच १९११ सालच्या फेब्रुवारीत अलाहाबादेला एका विमानानं साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उड्डाण केलं. विमानानं सरकारी टपाल नेल्याची ती जगातली पहिली वेळ. म्हणजे माणूस उडायला आणि चित्रं चालायला आपल्या देशात जवळपास एकदमच लागली. आमच्या आजींनी दोन गोष्टी जोडून विचारल्या त्यात फार चूक नव्हती.

पुढं दादासाहेबांना सिनेमाचा छंद इतका लागला की दिवसरात्र तेच. झोप नाही, डोळ्यांवर ताण. काही काळ दिसेनासं झालं होतं त्यांना. डॉक्टरांच्या उपचारानं नजर परत आली. तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, आता पुरे, नोकरी बघा. त्या काळात शेजारपाजार आणि नातेवाईक त्यांना वेड लागलं म्हणत होते. सरस्वतीबाईंनी काय केलं? विम्याची पॉलिसी गहाण टाकायला होकार दिला. त्या पैशावर दादासाहेब १ फेब्रुवारी १९१२ ला विलायतेला निघाले. दोन महिने बाई मुलांना घेऊन मागे राहिल्या. १ एप्रिलला ते परत आले. लंडनला त्यांनी विल्यमसन नावाचा कॅमेरा खरेदी केला होता, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली होती आणि आणखी एक यंत्र मागवलं होतं. त्या यंत्राबद्दलच आम्हाला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पण आधी वाटाण्याची गोष्ट.

सामान आल्यावर भांडवल हवं होतं. सिनेमा काढतो म्हटल्यावर कोण पैसे देणार? तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर ठेवला. महिनाभर रोज थोडी थोडी चित्रं काढली. ती सगळी एकापाठोपाठ पडद्यावर दाखवली तेव्हा दाणा फुटला, कोंब वर आला, वेल वाढला, तेही मिनिटभरात. 'अंकुराची वाढ' असं नाव होतं. हिशोब मांडू या. त्या वेळी एका सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत. मिनिटाला ९६०. महिन्यावर वाटली तर दिवसाला ३२. म्हणजे तुम्ही पेरलेल्या हरभऱ्याकडे रोज ३२ वेळा जाऊन तेवढ्याच जागेवरून, तेवढ्याच उजेडात बघायचं आणि कुंडी तसूभर हलू द्यायची नाही. घरात लहान मुलं असताना महिनाभर कुंडी न हलू देणं हे कोणाचं काम असेल, ते तुम्हीच सांगा. ते चित्र बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळालं. तारणात सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

आता ते यंत्र. सिनेमाची फिल्म तुम्ही जत्रेतल्या तंबूत बघितली असेल. आमच्यातल्या वयानं मोठ्या बायकांना आठवतं, तंबूबाहेर फिल्मचे तुकडे पडलेले असत आणि पोरं ते भिंगाखाली धरून बघत. त्या फितीच्या दोन्ही कडांना ओळीनं भोकं असतात. ती शोभेला नसतात. कॅमेऱ्यातला एक आकडा त्या भोकात अडकतो, फीत एक चित्र खाली ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. दाखवायच्या मशीनमध्येही तसंच. शिलाई मशीनचे दाते कापड पुढं सरकवतात ना, तसं समजा. दात्यानं कापड नीट धरलं नाही तर टाका वेडावाकडा पडतो. इथं भोक जरा सरकलं की पडद्यावरचा राजा थरथर कापायला लागतो.

फाळक्यांकडे विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला ही भोकं नसायची. कोरी फीत यायची, दीड इंचाहून थोडी कमी रुंद. भोकं घरी पाडायची. त्यासाठीचं हातयंत्र दादासाहेबांनी मागवलं होतं, आणि ते चालवायला सरस्वतीबाई शिकल्या. रात्री, दिवसभराची कामं उरकल्यावर, अंधाऱ्या खोलीत. अंधाऱ्या यासाठी की कच्च्या फिल्मला साधा उजेड लागला तर ती वाया जाते. त्या काळच्या फिल्मला तांबडा उजेड मात्र बाधत नसे. म्हणून तांबड्या काचेआड मिणमिणता दिवा ठेवून काम करायचं. दारं-खिडक्या बंद, फटी बुजवलेल्या, मुंबईचा घाम.

आम्ही बसून गणित केलं. आमच्यातली एकजण बचत गटाचा हिशोब लिहिते, तिनंच वही घेतली. प्रत्येक चित्राला एका बाजूला चार भोकं, दोन्ही बाजूंची मिळून आठ. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३,७०० फूट लांबीचा. गुणाकार झाला ४ लाख ७३ हजार ६००. वहीवाली म्हणाली, "चुकलं असेल," आणि पुन्हा केला. तेवढाच आला. आणि हे एकदाच नव्हे हं. कॅमेऱ्यात घालायची फीत वेगळी आणि तिच्यावरून छापून पडद्यावर दाखवायची फीत वेगळी. दोन्हींना भोकं हवीत. शिवाय वाया गेलेलं चित्रीकरण वेगळंच. प्रत्येक भोक ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि ओळ मात्र सुतात हवी. यंत्र होतं म्हणून हे शक्य झालं हे खरं. पण यंत्रात फीत सरळ घालणं, एकसारखी ओढणं, ओरखडा न पडू देणं, हे हाताचं काम आहे. आपण शेवयाच्या यंत्रावर बसतो तेव्हा कळतं, यंत्र फिरवणं सोपं, पण शेवई तुटू न देणं कठीण.

भोकं पाडून झाली की काम संपलं असं नाही. चित्रीकरण झालेली फीत धुवायची. धुवायची म्हणजे रसायनात बुडवून तिच्यावरचं चित्र उमटवायचं. आधी एका द्रावणात, मग पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात, म्हणजे चित्र पक्कं होतं, आणि मग पुन्हा भरपूर पाण्यात. रसायनं वजन करून मिसळायची. जरा कमी-जास्त झालं किंवा वेळ चुकली, तर दिवसभर साठ माणसांनी उन्हात केलेलं काम मातीमोल. फितीवर जिलेटिनचा थर असतो, पाणी कोमट झालं की तो मऊ पडतो, दुधावरची साय सुटावी तसा सुटायला बघतो. म्हणजे पाण्याची गार-गरमही हातालाच कळावी लागते. आणि ती फिल्म अशा पदार्थाची होती की ठिणगी पडली तर भडका. सरस्वतीबाई हे सगळं शिकल्या. रसायनं मिसळायला, फीत धुवायला, कॅमेऱ्यात भरायला, तुकडे जोडायला. कुठं शाळा नव्हती. दादासाहेब विलायतेला दोन आठवडे बघून आले होते, ते त्यांनी बाईंना शिकवलं, आणि चुकत-माकत दोघंही पक्के झाले. आज चित्रपटाच्या शेवटी नावं पळतात बघा, लॅब, एडिटिंग, असिस्टंट कॅमेरा, त्यातली तीन-चार नावं तरी या एका बाईची झाली असती.

दिवसाचं काम वेगळंच. विजेचे दिवे लावून चित्रीकरण करण्याची सोय नव्हती, सगळं सूर्याच्या भरवशावर. ऊन वरून पडतं, त्यामुळे नटाच्या तोंडावर सावल्या येतात. त्या घालवायला समोरून उजेड परतवावा लागतो. आता त्याला चकचकीत पत्रे असतात. तेव्हा सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी ताणून उन्हात उभ्या राहायच्या. हात खाली आले की उजेड गेला. चादर धरून झाली की चुलीकडे. कारण चित्रपटाची सगळी मंडळी दादरच्या त्यांच्या बंगल्यातच राहत-जेवत होती, साठ-सत्तर माणसं. स्वयंपाक, पाणी, कपडे धुणं, पोशाखांची देखभाल. हे सगळं उरकून रात्री भोकं पाडायला.

त्या काळी नाटक-सिनेमात काम करायला बायका तयार होत नसत. दादासाहेबांनी खूप शोधलं, बाई मिळेना. तेव्हा म्हणे त्यांनी सरस्वतीबाईंनाच विचारलं, तारामती तू हो. त्यांनी नकार दिला. मी तोंडाला रंग लावून उभी राहिले तर बाकीचं कोण करणार, असं त्यांचं म्हणणं असल्याचं सांगतात. आम्ही चौघी यावर बराच वेळ वाद घालत बसलो. एक म्हणाली, लाजल्या असतील. दुसरी म्हणाली, अगं, खरंच कोण करणार होतं? आमचं मत दुसरीकडे झुकलं. तारामती शेवटी मिळाली, अण्णा साळुंके नावाचा खानावळीत काम करणारा मुलगा. साडी नेसवून त्याला उभं केलं. म्हणजे तारामतीची जागा भरता आली. अंधाऱ्या खोलीतल्या बाईची जागा घेणारं कोणी नव्हतं.

बाहेरगावच्या चित्रीकरणाची एक गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल. मंडळी वांगणी गावाला गेली. लाकडी तलवारी, मिशा, राजाचे पोशाख. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटलांनी फौजदाराला कळवलं. मग दादासाहेबांनी कॅमेरा दाखवून, नाटकासारखा प्रसंग करून दाखवून सुटका करून घेतली. आम्ही पहिल्यांदा रेडिओचं यंत्र घेऊन एका वस्तीवर मुलाखतीला गेलो होतो तेव्हा आम्हालाही "मीटर बघायला आलात का?" असं विचारलं होतं, त्याची आठवण झाली.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला. लोकांनी गर्दी केली. त्यानंतर फाळके कुटुंब नाशिकला गेलं आणि कारखाना तिथं थाटला. होय, कारखानाच म्हणायचे सगळे. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवत, म्हणून कामावरच्या मंडळींनी आपण फाळक्यांच्या कारखान्यात असतो असं सांगायचं.

नाशिकला दुसरा चित्रपट केला तो 'मोहिनी भस्मासुर'. इथं नेवाशाच्या बायकांनी कान द्यावा. आपल्या गावचं दैवत मोहिनीराज. देव-दानवांना अमृत वाटायला विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं ते इथंच, आणि राहूचं शिर पडलं ती राहुरी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भस्मासुराची मोहिनी ही त्याच रूपाची दुसरी कथा. त्या चित्रपटात मोहिनी झाली ती पुरुष नव्हता. कमलाबाई नावाची कोवळ्या वयाची मुलगी होती, आणि तिची आई दुर्गाबाई कामत पार्वती झाली. भारतीय चित्रपटात पहिल्यांदा बाईचं काम बाईनं केलं ते या मायलेकींनी. कमलाबाई पुढं गोखल्यांच्या घरात गेल्या. नट चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू. पडद्यावर बाई आली ती मोहिनीच्या रूपात, हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं मंदिराच्या दिशेनं हात जोडले. आता यात्रेला जाल तेव्हा लक्षात ठेवा.

इथं थांबून आमच्या गटातली एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं आहे. तिच्या घरी पिठाची गिरणी आहे. चौदा वर्षं ती गिरणी ती चालवते. पट्टा तुटला तर बदलते, दगडाला टाकी स्वतः लावते, मोटारीचा आवाज बदलला की लांबून ओळखते. नवरा शेतावर असायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. नवीन मोटार घ्यायची म्हणून ती कर्जाला गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गिरणी कोण चालवत होतं?" ती म्हणाली, "मीच." साहेबांनी कागद उलटे-पालटे केले. वीज मीटर नवऱ्याच्या नावावर, परवाना नवऱ्याच्या नावावर, आणि तिच्या नावापुढे सगळीकडे एकच शब्द, गृहिणी. अनुभव शून्य. ती तिथून परत आली ती सरळ आमच्याकडे. ती रडत नव्हती, संतापली होती. म्हणाली, "माझ्या हाताला दगडाचे घट्टे आहेत, ते कागदावर कसे चिकटवू?"

पुढं काय झालं? गटानं ठराव करून लिहून दिलं की ही बाई चौदा वर्षं गिरणी चालवते. वीस दळण करणाऱ्यांनी सह्या-अंगठे दिले. तरी त्या ठिकाणी काम झालं नाही. शेवटी गटाच्या अंतर्गत कर्जातून अर्धी रक्कम दिली आणि जुनीच मोटार भरून घेतली. परवाना आता तिच्या नावावर करायला टाकलाय. कधी होईल ते होईल. सरस्वतीबाईंबद्दल वाचताना आम्हाला वारंवार ती आठवत होती, म्हणून सांगितलं.

परत नाशिकला जाऊ. १९१४ ला दादासाहेब पुन्हा विलायतेला गेले, आपले चित्रपट दाखवायला. तिथल्या लोकांनी कौतुक केलं, तिथंच राहून काम करा म्हणाले. पण ते परतले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कच्ची फिल्म महाग झाली. कारखान्यातल्या माणसांचे पगार आणि जेवण यांची ओढाताण. कसेबसे दिवस काढले. मग १९१७ ला 'लंका दहन' आला आणि सगळं पालटलं. मारुती आकाशात उडतो, लहान लहान होत जातो, लंका पेटते. लोक अक्षरशः वेडे झाले. राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढायचे. गल्ल्यातली नाणी गोण्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. गंमत म्हणजे यात राम आणि सीता दोन्ही एकाच नटानं केले, तेच अण्णा साळुंके.

मारुतीचं उडणं ही त्या काळातली मोठी करामत. अशा करामती एकाच फितीवर दोनदा चित्रीकरण करून साधत. आधी आकाश घ्यायचं, फीत मोजून मागं फिरवायची, मग तिच्यावरच दुसरं चित्र घ्यायचं. एक भोक जरी इकडे-तिकडे झालं तर मारुती आकाशात न राहता डोंगरात घुसायचा. म्हणजे उड्डाणसुद्धा शेवटी त्या भोकांवर टेकलेलं. आजी, तुम्ही ऐकताय ना? विमान आणि सिनेमा पुन्हा एकत्र आले बघा.

१९१९ ला 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी, लहानशी. याआधी मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होताच. 'कालिया मर्दन'ची फीत आजही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपली आहे. मोबाइलवरही बघायला मिळतो. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. पोर पाण्यात नागाशी झुंजते, कसले कसले हावभाव करते. आमच्यातली एक म्हणाली, "हिच्या आईनं किती काळजीनं बघितलं असेल." दुसरी म्हणाली, "आई बघत कुठं होती, ती चादर धरून उभी असेल." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

त्यानंतरचे दिवस चढ-उताराचे. १९१८ ला भागीदारीत हिंदुस्थान कंपनी निघाली होतीच, भागीदारांशी खटके उडाले, दादासाहेब सगळं सोडून कुटुंबासह काशीला जाऊन राहिले. तिथं नाटक लिहिलं. परत आले, पुन्हा चित्रपट केले. बोलपट आले तसे मूक चित्रपटांचे दिवस संपले. १९३७ ला कोल्हापूरला 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट झाला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला दादासाहेब वारले. हातात फारसा पैसा राहिला नव्हता. घर चालवण्याची, मुलं वाढवण्याची जबाबदारी या सगळ्या काळात कोणावर होती हे वेगळं सांगायला नको.

२००९ साली परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला. त्यात विभावरी देशपांडे सरस्वतीबाई झाल्या आहेत. गटाच्या बैठकीत लावून बघा, हसत-खेळत आहे, मुलांनाही आवडतो. आमची एकच तक्रार, भोकं पाडण्याचं काम आणखी दाखवायला हवं होतं. पण चित्रपटवाल्यांचंही बरोबर असेल, पावणेपाच लाख भोकं कोण बघत बसणार!

आता आमच्या घरचं सांगतो. आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. तिथं माईक लावणारी, आवाज कमी-जास्त करणारी आणि चुकलेलं कापून जोडणारी आमचीच एक मैत्रीण आहे. दहावी नापास. संगणकावर ध्वनीच्या लाटा बघून ती सांगते, "इथं तू श्वास घेतलास, काढू का?" इतके दिवस आम्ही कार्यक्रमाच्या शेवटी बोलणाऱ्यांची नावं सांगत होतो, तिचं कधी सांगितलं नव्हतं. तीसुद्धा कधी म्हणाली नाही. या भाषणाची तयारी चालली असताना आम्ही तिला विचारलं, आजपासून तुझं नाव घ्यायचं का? ती म्हणाली, "घ्या, पण आडनाव माहेरचं घ्या, शाळेत तेच होतं." त्यावरही थोडी चर्चा झाली. सासरच्यांना काय वाटेल वगैरे. शेवटी तिचं ऐकलं. आजच्या कार्यक्रमाच्या शेवटी ते नाव तुम्ही रेडिओवर ऐकाल. मासिकात छापताना मात्र तिनं सांगितल्याप्रमाणे इथं दिलेलं नाही, ती म्हणते, आधी घरी सांगते.

तुमच्या गावात, वस्तीवर यंत्र चालवणारी बाई असेल तर आम्हाला कळवा. गिरणी, शेवयांचं यंत्र, शिलाई मशीन, कडबाकुट्टी, फवारणी पंप, ट्रॅक्टर, काहीही. किती वर्षं चालवते, काय बिघडलं तर स्वतः दुरुस्त करते, कुणाकडून शिकली, एवढं सांगा. आम्ही येऊन मुलाखत घेऊ. गिरणीवाल्या मैत्रिणीची मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे, मोटारीच्या आवाजासकट. दळण थांबवायला ती तयार नाही, त्यामुळे बोलणं थोडं मोठ्यानं असेल. रेडिओचा आवाज बारीक ठेवा.